मुंबईची जलवाहतूक : ओहोटीचे गणित

हिवाळ्यातल्या एखाद्या पौर्णिमेला किंवा अमावस्येला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मुंबई बंदराच्या पूर्वेकडच्या कुठल्याही उथळ धक्क्यावर जाऊन उभे राहावे. सकाळी जिथे पाणी धक्क्याच्या पायऱ्यांना लागत होते, तिथे आता काळा, चकचकीत चिखल दिसतो. होड्या कुशीवर कलंडलेल्या असतात. लाँच दूर, जिथे पाणी आहे तिथे नांगर टाकून थांबलेली असते. धक्क्यावरच्या माणसांना, म्हणजे कामावरून परतणारे, बाजार घेऊन निघालेले, कॉलेजातून घरी जाणारे अशा सगळ्यांना ती दिसते, पण तिच्यापर्यंत जाता येत नाही. उरणजवळच्या मोरा बंदरात आणि रेवसला ओहोटीमुळे लाँच बंद राहिल्याची बातमी दर वर्षी वाचायला मिळते.

मुंबईत जलवाहतूक वाढवावी असे गेली अनेक वर्षे बोलले जाते. समुद्र चारी बाजूंना आहे, रस्ता बांधावा लागत नाही, गर्दी नाही, मग बोटी का चालवत नाहीत, असा प्रश्न वर्गात मुलेही विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो की भूगोल, भौतिकशास्त्र आणि साधे अंकगणित हे तिन्ही विषय एका धक्क्यावर येऊन भेटतात. या लेखात आपण तेच करणार आहोत.

समुद्र जिथे जवळची वाट आहे

प्रथम नकाशा पाहू या. मुंबई शहर ही उत्तर-दक्षिण पसरलेली, निमुळती पट्टी आहे. पश्चिमेला खुला अरबी समुद्र. पूर्वेला बंदराचे पाणी आणि उत्तरेकडे अरुंद होत गेलेली ठाण्याची खाडी. या पाण्यापलीकडे उरण, नवी मुंबई, आणि दक्षिणेला रेवस, मांडवा, अलिबाग. दक्षिण मुंबईतून मांडव्याला रस्त्याने जायचे तर खाडीला वळसा घालून, पनवेल-पेणमार्गे शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. पाण्यावरून ते वीस किलोमीटरही नाही. फेरीबोटीला अर्थ आहे तो अशा ठिकाणी, जिथे जमिनीची वाट लांब आणि पाण्याची जवळ आहे.

म्हणूनच हे मार्ग जुने आहेत. भाऊचा धक्का एकोणिसाव्या शतकात बांधला गेला आणि तिथून कोकणात जाणाऱ्या आगबोटींच्या आठवणी अजून अनेक घरांत निघतात. आजही तिथून मोरा आणि रेवसला लाँच सुटतात. गेटवे ऑफ इंडियाहून मांडवा आणि घारापुरीला बोटी जातात. मार्वे-मनोरी आणि वर्सोवा-मढ या खाड्या ओलांडणाऱ्या छोट्या फेऱ्या तर रोजच्या व्यवहाराचा भाग आहेत. १५ मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर माणसांबरोबर मोटारगाड्याही नेणारी रो-रो बोट सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये तशीच सेवा सुरू झाली.

म्हणजे जलवाहतूक मुंबईला नवीन नाही. तिचा विस्तार मात्र अडखळत होतो. अडते कुठे, ते पाहण्यासाठी समुद्राच्या घड्याळापासून सुरुवात करू.

तिथीची पाऊणपट

कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. तीच भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा येते आणि दोन भरतींच्या मधोमध, म्हणजे भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास, पूर्ण ओहोटी असते.

यामागचे कारण सोपे आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, आणि तिथी ही सरासरीने दिवसापेक्षा थोडी लहान असते. ठोकताळा म्हणून हिशेब चांगला जुळतो. प्रत्यक्ष वेळ अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होऊ शकते. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीची छापील कोष्टके असतात.

आता यातली एक गंमत लक्षात घेऊ. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत असतात. तेव्हा आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाणाची भरती येते. पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी. मुंबईला उधाणाच्या दिवसांत चढउतार चार ते पाच मीटरपर्यंत जातो.

उधाणाच्या दिवशी चंद्र सूर्याच्या रेषेतच असल्यामुळे त्या दिवशीची भरतीची वेळ सूर्याच्या, म्हणजे आपल्या घड्याळाच्या, हिशेबाने जवळपास ठरलेली असते. ही वेळ प्रत्येक बंदराची वेगळी. मुंबईत ती दुपारी आणि मध्यरात्री साडेअकरा ते दीडच्या दरम्यान येते. मग सगळ्यांत खोल ओहोटी केव्हा येणार? सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान.

म्हणजे नेमक्या कामावर जाण्याच्या आणि घरी परतण्याच्या वेळी. हा योगायोग एखाद्या महिन्याचा नाही. मुंबईत दर पंधरवड्याला हेच घडते आणि पुढेही घडत राहील. दिवसातल्या दोन ओहोटी सारख्या खोल नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. उधाणाच्या दिवसांत पावसाळ्याच्या सुमारास सकाळची ओहोटी अधिक खोल जाते आणि हिवाळ्यात संध्याकाळची. लेखाच्या सुरुवातीला आपण हिवाळ्यातली संध्याकाळ घेतली ती त्यासाठीच.

बारा भागांचा नियम

धक्का किती वेळ बंद राहील हे काढता येईल का? दर्यावर्दी लोक त्यासाठी बारा भागांचा नियम वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या एकूण चढाचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात पाणी एक भाग चढते, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. सुरुवातीला आणि शेवटी पाणी संथ असते, मधल्या दोन तासांत झपाट्याने चढते. लंबकाच्या हालचालीचा आलेख ज्यांनी शिकवला आहे, त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल.

एक काल्पनिक धक्का घेऊ. नाविक नकाशावर पाण्याची खोली मोजतात ती अगदी नीचतम ओहोटीच्या पातळीपासून. समजा आपल्या धक्क्यापाशी ही खोली अर्धा मीटर आहे. बोटीचा डुबाव, म्हणजे पाण्याखाली असणारा भाग, १.२ मीटर आहे. तळ आणि चिखल यांच्यात अर्धा मीटर अंतर सुरक्षिततेसाठी हवेच. म्हणजे एकूण १.७ मीटर पाणी हवे. अर्धा मीटर आधीचेच आहे, उरलेले १.२ मीटर भरतीने द्यायला हवे.

आता हिवाळ्यातल्या उधाणाच्या दिवशी दुपारची भरती ४.१ मीटर आणि संध्याकाळी साडेसहाची ओहोटी ०.५ मीटर आहे असे धरू. चढउतार ३.६ मीटर, म्हणून एक भाग ०.३ मीटर. ओहोटीनंतर पहिल्या तासाअखेर पाणी ०.८ मीटर, दुसऱ्या तासाअखेर १.४ मीटर. आपल्याला हवे असलेले १.२ मीटर मिळायला एक तास चाळीस मिनिटे लागतात. ओहोटीच्या आधीही तेवढाच वेळ जाणार असे सोयीसाठी धरू. म्हणजे धक्का बंद राहील संध्याकाळी चार वाजून पन्नास मिनिटांपासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत!

परतीच्या प्रवासाची सगळी वेळ त्यात गेली. ज्या मार्गावर महिन्यातून सात-आठ संध्याकाळी घरी जाता येणार नाही, त्या मार्गावर कोणी नोकरी बेतणार नाही. उरलेले बावीस दिवस बोट कितीही वेळेवर आली, तरी तो माणूस पास रेल्वेचाच काढेल.

उपाय काय? हेच गणित पुन्हा करू. बोटीचा डुबाव १.२ ऐवजी ०.८ मीटर असेल, तर भरतीचे ०.८ मीटर पाणी पुरते आणि धक्का तीन तास वीस मिनिटांऐवजी दोनच तास बंद राहतो. धक्क्यापाशी आणि तिथवरच्या वाटेत एक मीटर गाळ काढला, तर त्या दिवशी धक्का बंदच पडत नाही. किंवा धक्काच लांबवून खोल पाण्यापर्यंत न्यायचा. तिन्ही उपायांना खर्च आहे आणि तिन्हींत अडचणी आहेत. तीन-चारशे मीटर लांब जेट्टी झाली, की सामान आणि लहान मूल घेऊन उन्हापावसात चालणे आलेच. उथळ डुबावाची हलकी बोट लाटांत जास्त हलते. आणि गाळ? तो परत येतो.

गाळ परत का येतो?

खाडीच्या पाण्यात बारीक मातीचे कण तरंगत असतात. प्रवाह जोरात असेपर्यंत ते वाहतात, प्रवाह मंदावला की खाली बसतात. आपण एखाद्या ठिकाणी खड्डा केला की तिथे पाण्याला जास्त जागा मिळते, प्रवाह मंद होतो आणि आजूबाजूचे कण तिथेच बसू लागतात. काचेच्या बरणीत गढूळ पाणी ढवळून ठेवले की हे कोणत्याही वर्गात दाखवता येते. शिवडीच्या किनाऱ्यावरचे विस्तीर्ण चिखल-पठार, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते अशाच कणांचे बनले आहे.

म्हणून गाळ काढणे हे एकदा करून संपणारे काम नाही. धक्का बांधण्याचा खर्च एकदाच येतो, गाळाचा खर्च दर वर्षी. योजनेच्या कागदावर पहिला आकडा ठळक असतो आणि दुसरा पुष्कळदा राहून जातो. जागा निवडतानाच जिथे प्रवाह आपोआप तळ धुऊन नेतो अशी जागा शोधली, तर पुढची वर्षानुवर्षांची खर्चाची बाजू हलकी होते. कोळी मंडळींनी होड्या लावायला निवडलेल्या जुन्या जागा या दृष्टीने अभ्यासण्यासारख्या असतात.

कोची आणि मुंबई

जलवाहतुकीचा विषय निघाला की आज पहिले नाव येते केरळमधल्या कोचीचे. एप्रिल २०२३ मध्ये तिथे 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. पूर्ण योजना ७८ बोटींची, ३८ धक्क्यांची आणि ७६ किलोमीटर जलमार्गांची आहे. बोटी बॅटरीवर चालतात, त्या कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात बांधल्या आहेत आणि मोठ्या बोटीत शंभर प्रवासी मावतात. धक्के तरंगते आहेत, त्यामुळे पाणी चढो वा उतरो, धक्का आणि बोटीची फळी एकाच पातळीत राहते. चाकांच्या खुर्चीतला प्रवासीही कोणाच्या मदतीशिवाय चढू शकतो. मुंबईतही असेच करावे अशी चर्चा २०२५ मध्ये जोरात सुरू झाली.

करता येईल का? येईल, पण जसेच्या तसे नाही. कोचीत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो. मुंबईत तो पाच मीटरपर्यंत जातो. तरंगता धक्का किनाऱ्याशी जोडायला उतरता पूल लागतो. चाकांच्या खुर्चीसाठी बारास एक हा उतार योग्य मानतात, म्हणजे एक मीटर खाली उतरायला बारा मीटर लांबी. कोचीत बारा मीटरचा पूल पुरेल. मुंबईत त्याच उतारासाठी साठ मीटरचा पूल हवा! तो एकतर सरळ लांब बांधावा लागेल किंवा वळणे देऊन टप्प्याटप्प्याने उतरवावा लागेल. दोन्ही शहरे समुद्राकाठची, दोन्हीकडे पाणी खारट, पण एका आकड्याने धक्क्याचा आराखडा पार बदलतो.

दुसरा फरक लाटांचा. कोचीच्या बोटी बेटांनी वेढलेल्या शांत पाण्यात फिरतात. मुंबईत ठाण्याची खाडी आणि बंदराचा आतला भाग तुलनेने शांत आहे, पण बंदराच्या तोंडाशी आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो. गेटवे-मांडवा लाँच जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात ते त्यामुळेच. नरिमन पॉइंटपासून जुहू, वर्सोवा, बोरिवलीपर्यंत बोटी चालवण्याचे बेत अनेकदा मांडले गेले. १९९० च्या दशकात जुहू आणि गिरगाव यांच्यामध्ये हवेच्या गादीवर चालणारे हॉवरक्राफ्टही काही काळ धावले. पण खुल्या समुद्राकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर लाटा अडवणारे बांध घातल्याशिवाय बारमाही सेवा अवघड आहे. मांडव्याला असा बांध घातल्यावरच रो-रो बोट लावता आली.

यावरून विस्ताराचा एक क्रम सुचतो. आधी आतल्या, शांत पाण्यातले मार्ग, मग बंदर ओलांडणारे, आणि शेवटी खुल्या किनाऱ्याचे. वसई खाडी आणि उल्हास नदीच्या पाण्याला, म्हणजे वसई-ठाणे-कल्याण या पट्ट्याला, २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हटले आहे. तिथे लाटांचा त्रास नाही. पण तिथे वेगळाच प्रश्न येतो. वाटेत पूल आहेत, आणि उधाणाच्या भरतीला पाणी चढले की बोटीचे छप्पर आणि पुलाची खालची बाजू यांच्यातले अंतर कमी होते. ओहोटीत तळ अडतो, भरतीत छप्पर! म्हणजे बोट उथळही हवी आणि बुटकीही.

वेग वाढवावा की फेऱ्या?

'बोट फार हळू जाते' ही नेहमीची तक्रार. मग जलद बोटी आणाव्यात का? इथे पाण्याचा स्वभाव आडवा येतो. पाण्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर रोध चौपट. इंजिनाची शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग, म्हणून ती आठपट लागते. प्रवासाला वेळ निम्मा लागतो, तेव्हा एका फेरीचे इंधन चौपट होते. साध्या आकाराच्या बोटीत तर एका मर्यादेनंतर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि रोध याहूनही वेगाने वाढतो. जलद बोटींना दोन निमुळते तळ देतात ते हा लाटांचा रोध कमी करण्यासाठी.

आता बारा किलोमीटरचा एक मार्ग घेऊ. संथ बोट ताशी पंधरा किलोमीटर जाते, कोचीच्या बोटी साधारण याच वेगाने चालतात. तिला ४८ मिनिटे लागतात. जलद बोट ताशी तीस किलोमीटर, तिला २४ मिनिटे. फेरी तासाला एक असेल, तर अवचित येणारा प्रवासी सरासरीने अर्धा तास थांबतो. दर पंधरा मिनिटांनी असेल, तर साडेसात मिनिटे.

संथ बोट, तासाला एक फेरी : ३० आणि ४८ मिळून ७८ मिनिटे.
जलद बोट, तासाला एक फेरी : ३० आणि २४ मिळून ५४ मिनिटे.
संथ बोट, दर पंधरा मिनिटांनी : साडेसात आणि ४८ मिळून साडेपंचावन्न मिनिटे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत फरक फक्त दीड मिनिटाचा! इंधन पाहू. संथ बोटीच्या एका फेरीला एक माप इंधन लागत असेल, तर जलद बोटीच्या फेरीला चार मापे. संथ बोटीच्या तासाला चार फेऱ्यांनाही चारच मापे. म्हणजे वेळही सारखी, इंधनही सारखे, पण तिसऱ्या प्रकारात माणसे चौपट जातात.

मात्र हे फुकट मिळत नाही. दोन्ही टोकांना चढ-उतारासाठी बारा-बारा मिनिटे धरली, तर संथ बोटीची जाऊन-येऊन फेरी दोन तासांची होते. दर पंधरा मिनिटांनी बोट सोडायची तर आठ बोटी आणि आठ तांडेल-खलाशांचे संच हवेत. तासाला एक फेरी असेल तर दोन पुरतात. इंधन वाचवावे की बोटी, हा निर्णय मार्गावर किती माणसे येतील यावर अवलंबून राहतो. ज्यांना वेळापत्रक पाठ आहे ते नेमक्या वेळी येतील, अर्धा तास थांबणार नाहीत, असेही कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण एक बोट चुकली तर तासभर बसावे लागेल ही धास्ती त्यांच्या मनात असतेच.

आणखी एक हिशेब करून ठेवू. शंभर जणांची बोट दर पंधरा मिनिटांनी सुटली, तर तासाला चारशे माणसे जातात. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एकच लोकल चार-पाच हजार माणसे नेते. फेरीबोट लोकलची जागा घेणार नाही. जिथे लोकल जात नाही आणि पाणी जवळचे आहे, तिथे ती उपयोगी पडेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई आणि बेलापूर यांच्यामध्ये 'वॉटर टॅक्सी' सुरू झाली. तिच्यातल्या जलद बोटींचे एका वेळचे भाडे आठशे ते बाराशे रुपयांच्या घरात होते. रोज ये-जा करणाऱ्याला ते कसे परवडणार? थोड्याच काळात फेऱ्या आटल्या. मुळात बोट कोणासाठी हे आधी ठरवावे लागते. मग वेग आणि भाडे त्यातून ठरते.

पूल झाल्यावर

१२ जानेवारी २०२४ ला शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा, सुमारे बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. आता बोटीची गरज संपली का? हाँगकाँगमध्ये बंदराखालून मोटारींसाठी बोगदा १९७२ मध्ये आणि पुढे रेल्वेही झाली, तरी तिथली स्टार फेरी चालूच राहिली. मार्ग छोटा, फेऱ्या भरपूर, भाडे कमी आणि धक्का शहराच्या ऐन मध्यात. आपल्याकडे मार्वे-मनोरीची फेरी याच कारणांनी टिकून आहे.

उलट चांगला धक्का आडजागी असेल तर तो ओस पडतो. प्रवासी घरापासून कामापर्यंतचा सगळा वेळ मोजतो. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर डॉकयार्ड रोड स्टेशनपर्यंत कसे जायचे, तिथे बस आहे का, रात्री दिवे आहेत का, तिकीट पुन्हा काढावे लागते का, यावर बोटीचे भवितव्य ठरते. कोचीत मेट्रोचे आणि बोटीचे एकच कार्ड चालते. त्या कार्डाला बोटीइतकेच महत्त्व आहे.

सुरक्षितता आणि इतरांचे पाणी

१७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली, त्यात पंधरा जणांचे प्राण गेले. दोन अपघातांत सत्त्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. पहिला हवामानाचा प्रश्न पुढे आणतो, दुसरा गर्दीचा. बंदरातल्या त्याच पाण्यात मालवाहू जहाजे, नौदलाच्या बोटी, लाँच आणि मासेमारीच्या होड्या असतात. फेऱ्या चौपट करायच्या तर मार्ग बोयांनी आखून द्यावे लागतील, वेगाला मर्यादा घालाव्या लागतील, प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जाकीट द्यावे लागेल आणि क्षमतेपेक्षा एकही जादा माणूस न घेण्याची शिस्त पाळावी लागेल.

पाणी रिकामे दिसले तरी ते रिकामे नसते. कोळ्यांची डोल जाळी खुंटांना बांधून प्रवाहात सोडलेली असतात. बोटीचा पंखा त्यात अडकला तर जाळेही जाते आणि बोटही बंद पडते. जलद बोटीमागे उठणाऱ्या लाटा खाडीचे काठ आणि तिवरांची मुळे खणून काढतात. म्हणून मार्ग आखताना कोळीवाड्यांना आधी विचारायला हवे. वारा, प्रवाह आणि खडक यांची त्यांना असलेली माहिती कुठल्याही अहवालाइतकी कामाची आहे.

वर्गात करण्यासारखे

भूगोलाच्या तासाला मुलांना महिन्याभराच्या तिथी लिहायला सांगा. पाऊणपटीने भरतीच्या वेळा काढा, त्यात सव्वासहा तास मिळवून ओहोटीच्या वेळा काढा आणि मुंबईच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहा. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळांत खोल ओहोटी किती दिवस येते, ते रंगवा. गणिताच्या तासाला वेगवेगळे डुबाव आणि वेगवेगळी खोली घेऊन धक्का किती वेळ बंद राहील, त्याचे कोष्टक करा. किनाऱ्यापासून दूर असलेल्या शाळांनाही हे जमेल, फक्त तिथी आणि कागद हवा. कोकणातल्या शाळांनी तर जवळच्या धक्क्यावरच्या तांडेलांना बोलवावे आणि मुलांनी काढलेल्या वेळा त्यांना दाखवाव्यात. मुंबईची पाऊणपट आपल्या बंदराला किती लागू पडते, हेही त्यांच्याकडून समजेल.

या सगळ्या आकडेमोडीनंतर नव्या जलमार्गाची बातमी वाचताना मुले वेगळे प्रश्न विचारतील. बोट किती जलद आहे आणि उद्घाटन कधी आहे, यापलीकडे जाऊन ती विचारतील : तिथे नीचतम ओहोटीला पाणी किती असते? गाळ कोण आणि दर किती महिन्यांनी काढणार? उतरल्यावर बस मिळेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली, तर पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेसहालाही बोट धक्क्याला लागेल आणि धक्क्यावर थांबलेली माणसे वेळेवर घरी पोचतील.